अनुभव धागा : वहाळावरची गरी आणि डोंगरी पाण्यातले मासे

पऱ्याकाठ :
हिमाचलमधील तीर्थन नदीवर ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग, म्हणजे गरीला खोटा किडा लावून मासेमारी, करण्याचा योग नुकताच आला. तिथल्या वाटाड्याने पहिली गोष्ट सांगितली ती अशी की, ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याच्याकडे खालच्या अंगाने जावे आणि आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. राजापूरकडच्या आमच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, आजोबा ‘काठावर नाचू नकोस’ म्हणून दटावत, त्याची आठवण झाली. पिसे आणि दोरा गुंडाळून केलेल्या त्या खोट्या किड्याला वजन असे नसतेच; तो दूर जातो तो जाड दोरीच्या भारामुळे, आणि आपल्याकडे हेच काम शिशाचा तुकडा करतो. आपापल्या वहाळावरचे अनुभव जरूर लिहावेत.

चिव्याची काठी :
पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी संध्याकाळी पाण्यावर पडू लागली की वहाळाच्या कोंडीतले, म्हणजे डोहातले, मळ्ये मासे टपाटप उसळतात. त्या वेळी गांडूळ लावलेल्या गरीकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. गरीला वाळवीच लावावी लागते आणि ती बुडू न देता वरच्यावर तरंगत सोडावी लागते. आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना फ्लाय फिशिंग निराळे शिकवावे लागणार नाही.

गाबोळी :
चढणीच्या माशांबद्दल मात्र माझे मत कडक आहे. मृगात अंडी घालण्यासाठी वहाळातून शेतात चढणारा मासा पोटात गाबोळी घेऊन येतो. तो वाटेतच अडवला, तर पुढच्या वर्षी वहाळात काय उरणार?

घाटवाट :
पऱ्याकाठदादा, आंबोलीच्या थंडीत ट्राउट जगेल का?

पऱ्याकाठ :
जगणार नाही. त्याला बारमाही थंड आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाणी वीस अंशांच्या वर गेले की तो हैराण होतो. शिवाय तो इथला नव्हेच, काश्मीरमध्ये त्याची अंडी इंग्रजांनी 1900 च्या सुमारास विलायतेतून आणली. आंबोलीला स्वतःचा मासा आहे : हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेल्या ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ची नोंद 2020 मध्ये झाली आणि त्याच्यासाठी ती जागा 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ ठरली. तिथे गरी नेण्याचा विचारही करू नये.

महाडकरीण :
आमच्याकडे वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महसीर राखले आहेत. कुरमुरे टाकले की ते काठाशी गर्दी करतात. मोठ्याची पाठ वर आली, तर तिच्यावरचा एकेक खवला मोजता येईल, एवढा ठसठशीत दिसतो. गरी टाकण्याची मात्र कोणाची छाती होत नाही.

घाटवाट :
तीर्थनला पकडलेला मासा खायला मिळाला का?

पऱ्याकाठ :
आम्ही सोडून दिले. आकड्याला उलटा काटा नव्हता, त्यामुळे तो अलगद निघाला. हात आधी पाण्यात ओले करायचे, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग जडतो. परवाना आधीच काढावा लागतो, आणि ट्राउटच्या विणीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते.

महाडकरीण :
मासा सोडून दिला, हे वाचून दाखवल्यावर आमच्या आत्याबाईंनी माशासाठी काढलेली तिरफळे पुन्हा डब्यात टाकली आणि ‘मग एवढ्या लांब गेला कशाला?’ असे विचारले आहे. उत्तर तुम्हीच द्या.