मदत हवी आहे - एकच नग असलेल्या वस्तूंचा स्टॉक कसा ठेवता?

नमस्कार मंडळी. मी कुडाळची, आई आणि मी मिळून तीन वर्षं छोटं ऑनलाइन दुकान चालवतोय, करवंटीचे दिवे, रंगवलेले लाकडी पाट आणि सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते). गोची अशी की एकही वस्तू दुसरीसारखी नाही. करवंटी जशी निघेल तसा दिवा, आणि पाट रंगवणारी ताई एकदा काढलेली वेल परत काढत नाही, खूप विनवलं तर म्हणते, मग छापूनच घ्या ना!

साधारण १४० नग आहेत. ते विकले जातात तीन ठिकाणांहून, वेबसाइट (वर्डप्रेसवर वूकॉमर्स, म्हणजे ऑनलाइन दुकानाचं प्लगइन आहे), इन्स्टाचे मेसेज, आणि आमची पडवी. खरा घोळ पडवीचा. गणपतीत चाकरमानी आले की चहा घेता घेता चार वस्तू उचलतात, आई पैसे डब्यात टाकते आणि विसरते. गेल्या वर्षी पुण्याच्या एका बाई दशावतारातला एकेक पाट जमवत होत्या, वराह हवा होता, त्यांनी रात्री पैसे भरले, मी सकाळी पॅक करायला गेले तर पाट गायब. आई शांतपणे म्हणते, "तां मी कालच इकलंय, तू खंय होतंस?" पैसे परत केले, पेमेंट गेटवेचं कमिशन गेलं ते गेलंच, आणि बाई गोड बोलल्या पण परत फिरकल्या नाहीत.

गुगल शीट करून बघितली. पावसात आमच्याकडे विहिरीजवळ गेलं तरच रेंज, त्यामुळे शीट कायम दोन दिवस मागे. शिवाय मी नावं लिहिली होती 'निळा पाट मोठा' अशी, आता मोठे निळे पाट चार झालेत 🙈

अजून एक, गंजिफाचा दशावतारी संच म्हणजे दहा अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० पानं. काही लोक फ्रेम करायला एखादंच पान मागतात. मग तो संच एक नग धरायचा की १२०? एक कल्कीचा राजा असा सुटा विकला आणि आता तो अख्खा संच माझ्याकडे पडून आहे.

बारकोडचं मशीन घेऊ का? महिन्याचे पैसे घेणारं अ‍ॅप या धंद्याला परवडणार नाही. कोणी असं काही करत असेल तर प्लीज सांगा.

भरतीओहोटी:
मशीन नको हो, एवढ्याशा मालाला कशाला. तुमच्याकडे मोजायचं काही नाहीच, नग एकच आहे, प्रश्न फक्त तो आत्ता कुठे आहे एवढाच. देवळाबाहेर चपलांना टोकन देतात बघा, तसं करा. प्रत्येक वस्तूला नंबराची चिठ्ठी, दोन तुकड्यांची, विकली की अर्धा तुकडा फाडून पैशाच्याच डब्यात. आईंना शीट उघडायला लावू नका, डबा त्या तसाही उघडतातच. रात्री तुम्ही तुकडे बघून साइटवरून नग काढायचे. आणि नंबर साधे ठेवा, १, २, ३. रंग, साइज नंबरात कोंबायला गेलात की महिन्याभरात तुम्हालाच कळणार नाही.

कोकमसरबत:
रात्री म्हणजे उशीरच ना, त्यांच्या बाईंनी रात्रीच तर पैसे भरले. मी म्हणेन साइटवर चढवलेला माल पडवीत ठेवायचाच नाही, आतल्या कपाटात कुलूप. पडवीला वेगळे नग. गणपतीच्या आठवड्यात तर नक्कीच.

वूकॉमर्सचं सांगते. प्रत्येक नग वेगळं प्रॉडक्ट करा, नंबर एसकेयूमध्ये (वस्तूच्या कोडच्या रकान्यात) टाका, मॅनेज स्टॉक चालू, क्वांटिटी १, बॅकऑर्डर (माल संपल्यावरही ऑर्डर घेणं) बंद. कार्टमध्ये टाकलं म्हणजे वस्तू राखली गेली असं नसतं, एकच पाट दोघींच्या कार्टमध्ये असू शकतो, आधी चेकआउट करेल तिचा. पैसे न भरता अर्धवट राहिलेल्या ऑर्डरसाठी होल्ड स्टॉक असतं, ते मुळात ६० मिनिटांवर असतं, तेवढ्या वेळात पैसे आले नाहीत तर ऑर्डर रद्द होऊन नग परत दिसतो. पण थेट बँकेत पैसे भरायचा पर्याय ठेवला असेल तर ती ऑर्डर ऑन-होल्डला जाऊन बसते, आपोआप रद्द होत नाही, एखादीने पैसे भरलेच नाहीत तर पाट उगाच अडकून राहतो. ते रोज बघावं लागतं. इन्स्टावाल्यांना मी सरळ साइटची लिंकच पाठवते, "माझ्यासाठी ठेवा" हा प्रकार बंद.

संच फोडू नका. सुटी पानं हवी असतील तर वेगळी रंगवून घ्या.

धागाकर्ती:
दोघींचे खूप आभार. चिठ्ठ्या बांधायला घेतल्यात, ४० झाल्या. कुलपाचं आईला सांगितलं तर तिला राग आला, "गिरायकाक दाखवचा काय मग?" त्यामुळे सध्या साइटवरच्या नगाला लाल दोरा, पडवीतल्याला पांढरा, लाल विकायचा तर आधी मला हाक मारायची. बँकेचा पर्याय बंद केला, तिथे खरंच दोन दिवे महिनाभर अडकलेले सापडले! आता एक सांगा, करवंटीच्या दिव्याला भोकं असतात तिथे दोरा बांधला, पण पाटाला चिठ्ठी लावायची कुठे? रंगावर चिकटपट्टी लावली तर ताई मला मारेल.