‘रिव्हॉल्व्हर’ची साठी : कोणती आवृत्ती ऐकवावी?

मुळाकाठचा (प्रश्न)
बीटल्स या ब्रिटिश बँडचा ‘रिव्हॉल्व्हर’ हा अल्बम इंग्लंडमध्ये ५ ऑगस्ट १९६६ रोजी प्रसिद्ध झाला, म्हणजे २०२६च्या ऑगस्टमध्ये त्याला ६० वर्षे पूर्ण होतात. त्या निमित्ताने आमच्या सोसायटीच्या सभागृहात तो सलग ऐकण्याचा आणि नंतर थोडे बोलण्याचा बेत आहे. येणाऱ्यांपैकी निम्मे लोक एरवी शास्त्रीय संगीत ऐकणारे आहेत. १९६६चा मोनो (सर्व आवाज एकत्र), त्याच वर्षीचा स्टिरिओ (डावे-उजवे आवाज वेगळे) आणि २०२२चे नवे मिक्स (आवाजांची नव्याने केलेली जुळवणी) यांपैकी काय लावावे? आणि ‘जुने ते सोने’ याच्यापलीकडे त्यावर काय बोलता येईल?

कॅसेटवाला
मोनो लावा. त्या काळी इंग्लंडमधल्या बहुतेक घरांत मोनोच ऐकले जाई आणि मिक्स करतानाही खरे लक्ष त्याच आवृत्तीकडे असे. जुना स्टिरिओ सभागृहात तर मुळीच नको. ‘टॅक्समन’मधले ड्रम, बास आणि गिटार डावीकडे कोंबलेले आहेत, तर ‘एलिनॉर रिग्बी’त गाणारा आवाज बराच काळ उजवीकडेच राहतो. तुमच्या श्रोत्यांपैकी जे डाव्या स्पीकरजवळ बसतील, त्यांना आठ तंतुवाद्ये ठणठणीत ऐकू येतील आणि गायक मात्र शेजारच्या इमारतीत असल्यासारखा वाटेल.

टेपशोधक
कॅसेटवाल्यांचे जुन्या स्टिरिओबद्दलचे म्हणणे मान्य आहे, पण २०२२चे मिक्स असे वगळू नये. १९६६ साली चार ट्रॅकच्या (म्हणजे आवाजाच्या चार वेगळ्या पट्ट्यांच्या) टेपवर काम चाले आणि ‘टॅक्समन’ची तिन्ही वाद्ये एकाच ट्रॅकवर उमटलेली असल्यामुळे ती वेगळी करणे अनेक वर्षे अशक्य होते. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या न्यूझीलंडमधील चमूने तयार केलेल्या संगणकप्रणालीमुळे ती सुटी झाली आणि मूळ निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांनी ध्वनिअभियंते सॅम ओकेल यांच्यासह ती नव्याने मांडली. (५६ वर्षे हा काही साजरा करण्याचा आकडा नव्हे, तंत्र हाती आले म्हणून आवृत्ती निघाली, आणि मला ते कारण वर्धापनदिनापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते.) मात्र ‘टुमॉरो नेव्हर नोज’ला या खटाटोपाची फारशी गरज नव्हती. जेमतेम विशीतले ध्वनिअभियंते जेफ एमरिक यांनी बास ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबून आणि मायक्रोफोन नेहमीपेक्षा बराच जवळ आणून मिळवलेला तो दणका मोनोमध्येही तितकाच अंगावर येतो. त्यामुळे ‘टॅक्समन’ मोनो आणि २०२२ अशा दोन्ही प्रकारे ऐकवा आणि बाकी सर्व मोनोमध्येच राहू द्या.

तीनताल
आपल्या श्रोत्यांसाठी खरा विषय चौथे गाणे, ‘लव्ह यू टू’, हा आहे. सुरुवातीला तालाशिवाय, आलापासारखी सतार येते, मग तबला सुरू होतो आणि शेवटाकडे लय वाढते. म्हणजे मैफलीचा आराखडा तीन मिनिटांत बसवला आहे. तबला वाजवला आहे अनिल भागवत यांनी. (आडनाव ऐकून आपले कान टवकारतील, पण त्यावरून त्यांचे मूळ गाव ठरवू नये.) ११ एप्रिल १९६६ रोजी लंडनच्या एशियन म्युझिक सर्कल या संस्थेचे अंगडी यांनी त्यांना दूरध्वनी करून, संध्याकाळी जॉर्ज नावाच्या कोणासाठी वाजवाल का, असे विचारले. न्यायला रोल्स-रॉइस आली, तेव्हा कुठे हा बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन असल्याचा भागवतांना उलगडा झाला. हॅरिसन यांनी रविशंकरांच्या धर्तीवर १६ मात्रांचा ठेका सुचवला आणि उपज करण्याची मोकळीकही दिली. विशेष म्हणजे वेष्टनावर भागवतांचे नाव छापले गेले. बीटल्सच्याच पुढच्या वर्षीच्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमवर वाजवणाऱ्या भारतीय वादकांच्या वाट्याला ते आले नाही. पॉप अल्बमच्या वर्धापनदिनी बँडमधल्या चौघांचे गुणगान होतेच. आपल्याकडच्या श्रोत्यांसमोर अर्धा वेळ या तबल्याला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हे गाणे मोनोमध्येच ऐकवा, कारण तिथे शेवटची द्रुत लय थोडी जास्त वेळ ऐकायला मिळते.

मुळाकाठचा
आभारी आहे. मोनो, त्यात ‘टॅक्समन’ दोनदा, आणि ‘लव्ह यू टू’नंतर थांबून चर्चा, असे ठरवतो. आमच्यापैकी एकांकडे अमेरिकेहून आणलेली जुनी तबकडी आहे. ती चालेल का?

कॅसेटवाला
दाखवायला चालेल, वाजवायला नको. कॅपिटॉल कंपनीने अमेरिकेत १४ऐवजी ११च गाणी दिली होती आणि गाळलेली तिन्ही बीटल्समधल्या जॉन लेननची होती, कारण ती आधीच तिथल्या दुसऱ्या अल्बमवर वापरून झाली होती.