चिंटूच्या कात्रणांना बुरशी आलीय, कशी वाचवू?

कात्रणवही (विजयदुर्ग)
टपाल खात्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. पेपर आला की अजूनही मी आधी चित्रं बघते, बातम्या मागाहून. 'सकाळ'मध्ये १९९१च्या नोव्हेंबरात चिंटूची चित्रमालिका सुरू झाली, तेव्हापासून आवडलेली कात्रणं पिठाच्या खळीने वहीत चिकटवत आले. पेपर दुपारच्या एसटीने यायचा. घरातल्या कुणी त्यात मासे गुंडाळायच्या आत मी कात्री चालवायची. अशा चार वह्या झाल्या. यंदा कपाटाला ओल धरली आणि दोन वह्यांना बुरशी आली, कसरही लागली. चिंटूचे दोस्त पप्पू आणि बगळ्या अर्धे गेले. फार जीव तुटतो.

दुसरं असं की, बाबांची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आहे. ते मुंबईत गिरणीत होते. शिमग्याला आगबोटीने यायचे, पावसाळ्यात बोटी बंद म्हणून गणपतीला एसटीने. ट्रंकेच्या तळाशी इंग्रजी पेपर अंथरलेला, त्यात व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन. धोतर, चौकड्यांचा कोट, तोंडातून शब्द नाही. मला तो आमच्या आजोबांसारखा वाटायचा. खालची ओळ बाबांना वाचता येत नसे, पण मी विचारलं की दर वेळी नवा अर्थ सांगायचे. एकदा म्हणाले, "म्हणतोय, आज बोट चुकली." तो कागद पत्र्याला चिकटलाय. सोडवू का?

माडाखालचो
ताई, पिठाची खळ लावलात थंयच घोळ झालो. कसरीक ता जेवाणच! माझ्या आवशीची पोथी अशीच गेली. आता कडुलिंबाचो पालो सुकवन कपाटात ठेवा, आणि कपाट भिंतीपासून चार बोटा पुढे ओढा.

दमट_दापोली
वह्या उन्हात घालू नका, सावलीत वारा लागेल अशा उघडून ठेवा. पूर्ण सुकल्यावर अंगणात, नाकाला फडकं बांधून, मऊ ब्रशने बुरशी झटका. ओलं फडकं लावू नका, डाग पसरतो. कसरीसाठी वही पिशवीत हवाबंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर आत पाणी धरेल. मग सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात.

तरी पेपरचा कागद पिवळा पडणारच. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने काळवंडतं, कागद आंबट होऊन तुटायला लागतो. म्हणून आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. सेलोटेप आणि लॅमिनेशन नकोच.

ट्रंकेतला कागद मात्र सोडवू नका, भुगा हातात येईल. आहे तिथेच फोटो घ्या.

आगबोट
इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली निघालं. त्यातला वेताळ (फँटम) मी रद्दीवाल्याकडे उभ्याने वाचायचो, शेवटची पानं बहुतेक वेळा गायब. तुमच्या वह्यांचे फोटो काढाल तेव्हा चिंटूची पावसातली चित्रं इथेही टाका. चिंटूचे कर्ते चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी आमच्या मुलांचं लहानपण सांभाळलंय.

कात्रणवही (विजयदुर्ग)
सगळ्यांचे आभार. दोन वह्या फ्रीजरमध्ये आहेत, बांगडे शेजाऱ्यांकडे दिलेत. काल नातवाने ट्रंकेत टॉर्च धरला आणि मी फोटो काढला. कोटाच्या चौकड्या स्पष्ट आल्या, खालची ओळ कसरीने खाल्लीय. त्याने विचारलं, "आजी, काय म्हणतोय गो तो?"

मी म्हटलं, "म्हणतोय, समुद्र खवळलाय, बोट उद्या लागेल."