घरीच शाळा, घरीच उपासना: हे जगापासून पळणं आहे का?

मोहरीचा_दाणा

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर चहाच्या वेळी चर्चच्या मंडळीतल्या एका काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, पोरांना अजून घरीच बसवलंयस?" बसवलंयस! स्थळ न आलेल्या मुलीबद्दल बोलावं तसं. हसून वेळ मारून नेली, पण तो शब्द चार दिवस डोक्यातून गेला नाही, म्हणून हा धागा.

आम्ही पुण्यात. माझं माहेर नगरचं (अहिल्यानगर म्हणायची सवय व्हायचीय अजून). दोन्हीकडून मराठी ख्रिस्ती, माझी चौथी पिढी. मुलगी नऊ वर्षांची, बालवाडीनंतर शाळेत गेलीच नाही. मुलगा सहाचा, त्याने शाळा फक्त बाहेरून पाहिली आहे.

सुरुवात काही श्रद्धेने वगैरे झाली नाही. २०२१ च्या मे महिन्यात माझे वडील गेले. दफनविधीला आम्ही अकरा माणसं. चौथ्या दिवशी मी कामाला लॉगइन केलं आणि स्क्रीनकडे नुसती बघत बसले. बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकातलं ते "व्यर्थ" मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी ते कोणीतरी माझ्याबद्दलच लिहिलंय असं वाटलं. पगार चांगला, हुद्दा चांगला, आणि मुलीला अक्षरं कोण शिकवतंय याचा मला पत्ता नाही.

मग त्या पावसाळ्यात मीच तिला वाचायला शिकवलं, वडिलांच्या पवित्र शास्त्रावर (म्हणजे बायबलवर). त्यांनी लाल पेन्सिलीने खुणा केलेल्या ओळींवर बोट ठेवून ती अक्षर अक्षर जुळवायची. आजोबांनी कुठे खूण केली आणि का, हे ती विचारायची. मला सांगता यायचं नाही, म्हणून मी वाचायला लागले. म्हणजे शाळा खरी माझीच सुरू झाली. तोवर माझी श्रद्धा रविवारी नऊ ते अकरा एवढीच होती.

आता सकाळी साडेसातला एक गीत (रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं मुलांना तोंडपाठ आहेत), छोटा शास्त्रपाठ, प्रार्थना. मग गणित, मराठी, इंग्रजी. दुपारी कधी मंडई, कधी टेकडी. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात म्हटलंय की घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी या गोष्टी बोलत जा. वेळापत्रकच आहे हे, फक्त तासाची घंटा नाही.

नोकरी सोडली, गाडी विकली. त्याचं दुःख नाही. पण माझ्या सख्ख्या आत्याने, जिने चाळीस वर्षं मिशनच्या शाळेत शिकवलं, सहा महिने माझ्याशी अबोला धरला. ती म्हणते, तू पळतेयस. खरंच पळतेय का मी?

सावेडीकर

ताई, सलाम. मी तुमच्या आत्यांच्या बाजूचा. स्वतः छत्तीस वर्षं मास्तरकी केली आहे, तेव्हा बोचलं तर माफ करा.

आमचे आजोबा नेवासे तालुक्यातल्या महारवाड्यातले. गावच्या शाळेत वर्गाबाहेर ओसरीखाली बसायचं, मास्तर पाटीला हात लावणार नाहीत. मिशनच्या बोर्डिंगात आले तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांच्या बरोबरीने पंगतीत बसले. ते म्हणायचे, प्रभू मला आधी पंगतीत भेटला, मग पुस्तकात. आपल्या भागातल्या किती घरांची हीच गोष्ट आहे, तुम्हाला सांगायला नको.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये नगरला आले, आणि उपदेशाच्या जोडीला त्यांनी शाळाच काढल्या. सिंथिया फॅरारबाई १८३९ मध्ये नगरला आल्या, मुलींना शिकवत राहिल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे धडे त्यांच्याकडे घेतले. आपल्या लोकांची श्रद्धा शाळेतून घरात आलेली आहे. ज्या दारातून आपण आत आलो, ते दार तुम्ही आपल्या पोरांसाठी लावून घेताय, एवढंच आत्याबाईंना सलतंय.

अरसिक_अण्णा

शाळा सोडून बायबल. छान चाललंय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पाटी_पेन्सिल

अण्णा, पॉपकॉर्न सावकाश खा. आम्ही पक्के नास्तिक आणि आमचाही मुलगा घरीच शिकतो. मला भेटलेल्या बहुतेक घरशाळावाल्यांचा देवाधर्माशी संबंध नाही. कोणाला स्पर्धा नकोय, कोणाचं मूल खेळात पुढे आहे, कोणाला शाळेत फार त्रास झालाय. २०१६ मध्ये मुंबईची एक मुलगी दहावी-बारावीच्या दाखल्याशिवाय थेट अमेरिकेतल्या एमआयटीला गेली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांवर. तेव्हापासून नातेवाईक जरा गप्प आहेत. (सगळी मुलं तशी नसतात, आमचं तर नाहीच.)

मोहरीताई, कायद्याचं एवढं ध्यानात असू द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या दहाव्या कलमात ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा काय, ते कायद्यात नाही. म्हणजे घरशाळेला उघड परवानगीही नाही आणि उघड बंदीही नाही. जर्मनीत याउलट, शाळेत पाठवणं सक्तीचं आणि घरशाळेला जवळपास मज्जावच. आपल्याकडे मुलं पुढे एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त शाळेतून) दहावी करतात, त्यासाठी वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. किंवा बाहेरून परीक्षेला बसायचा आपला जुना १७ नंबरचा फॉर्म आहेच. कागदपत्रं आत्तापासून नीट ठेवा.

बावखल

आम्ही वसईचे कॅथलिक, आमच्याकडे या प्रश्नाचा अर्धा भाग उद्भवतच नाही. चर्च, शाळा, मैदान एकाच आवारात. सकाळी मिस्सा, मग शाळा, रविवारी धर्मशिक्षण, संध्याकाळी घरी रोझरी. आईबाप हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक, हे आमच्या चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच सांगून ठेवलंय. म्हणून कोणी शाळेवर पाणी सोडलं नाही. उलट आजोबा-पणजोबांनी केळी विकून शाळेच्या इमारतीला पैसे दिले.

आणि वचनांवरच बोलायचं तर लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढा. येशू बारा वर्षांचा. आईबाप घरी निघाले तरी हा पोरगा न सांगता यरुशलेमात मागे राहिला. तिसऱ्या दिवशी सापडला कुठे, तर मंदिरात, गुरुजनांच्या मधोमध बसून त्यांचं ऐकतोय, त्यांना प्रश्न विचारतोय. मरियेसारखी आई घरात असूनही त्याला बाहेरचे मास्तर हवे होते!

मोहरीचा_दाणा

बावखल, अध्याय पुढे वाचा की. एक्कावन्नाव्या वचनात तो त्यांच्याबरोबर नासरेथला परत गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. मग पुढची अठरा-वीस वर्षं घर आणि सुतारकाम.

सावेडीकर सर, तुमच्या आजोबांचं वाचून गळा दाटून आला, आमच्या घरचीही कथा फार वेगळी नाही. पण एक विचारते. पंडिता रमाबाई कुठे गेल्या होत्या शाळेत? अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांनी त्रास दिला, तर ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे लक्ष्मीबाईंनी पहाटे उठून लेकीला शिकवलं. त्या घरातल्या शाळेतून निघालेली बाई १८७८ मध्ये कलकत्त्यात "पंडिता" झाली आणि पुढे तिने मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. आईने शिकवलेलं असं फळतं!

सावेडीकर

रमाबाईंचं नाव काढलंत, बरं केलंत. त्यांच्या आईने रानात शिकवलं, कारण गावात मुलीला दार बंद होतं. ती अडचण होती, आवड नव्हे. आणि ती मुलगी मोठी झाल्यावर तिने काय केलं? १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढलं, मग पुणे, मग केडगावचं मुक्ती मिशन. म्हणजे शाळाच. स्वतःच्या लेकीला, मनोरमेलाही पदराखाली ठेवलं नाही, इंग्लंड-अमेरिकेत शिकायला ठेवलं.

दुसरं असं की तुमच्या पोरांचे मित्र कोण? सगळे तुमच्यासारखेच ख्रिस्ती, इंग्रजी जाणणारे, गाडी विकली तरी चालेल अशा घरचे? आजोबांना पंगत मिळाली. तुमच्या पोरांच्या पंगतीत कोण बसतं?

टेक्सासातला_तात्या

या विषयाच्या माहेरातून लिहितोय. आमच्या गल्लीत चार घरं घरशाळेची, चारही कट्टर इव्हॅन्जेलिकल. इथे राज्याला साधं कळवावंही लागत नाही. ना तपासणी, ना परीक्षा. चळवळीचा इतिहास गमतीचा आहे. शिक्षणावर लिहिणाऱ्या जॉन होल्टसारखे धर्माशी देणंघेणं नसलेले लोक आधी "मुलांना मोकळं सोडा" म्हणत निघाले, ऐंशीच्या दशकात चर्चची माणसं मोठ्या संख्येने आली, आणि १९९३ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत हे कायदेशीर झालं.

चांगलं आधी सांगतो. या घरांतली मुलं मोठ्यांच्या डोळ्यात बघून बोलतात, आजारी शेजाऱ्याकडे डबा पोचवतात. आठवड्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये आया विषय वाटून घेऊन शिकवतात. जेवण सगळ्यांचं एकत्र, मोबाइल नाही. मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

पण एका घरातल्या थोरलीचं बीजगणित आईला येईना, तिथेच थांबलं. थांबलंय हे पाहायला कोणीच नाही. धाकट्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं. ताई, ही वर्कबुकं हल्ली भारतातही मिळतात. पुस्तकं कोणती वापरता? उगाच चौकशी नाही, माझ्या मते सगळं त्यावर ठरतं.

मोहरीचा_दाणा

तात्या, बालभारती आणि एनसीईआरटी. ती अमेरिकन वर्कबुकं एका मैत्रिणीने दिली होती. त्यातला बर्फ, मेपल आणि टर्की बघूनच मुलीने मिटून ठेवली. डायनोसॉरचं आमच्या घरात जोरात चालतं आणि त्याने बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाला धक्का बसत नाही, असं आमच्या पाळकसाहेबांचंही मत आहे.

सर, पंगतीच्या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. संडे स्कूलची मुलं आहेत, आणि सोसायटीतली संध्याकाळी खेळायला असतात. पण ती दिवसभर शाळेत, ही दोघं गच्चीत त्यांची वाट बघत. हे मी वर लिहिलं नव्हतं.

घरकोंबडी

आयडी मुद्दाम असा घेतलाय, शाळेतून परत आलेली मुलं मला हेच म्हणायची. मी बावीस वर्षांची. पाचवीपासून दहावीपर्यंत घरी शिकले, पाळकांची मुलगी, गाव सांगत नाही. दोन्ही बाजूंच्या लोकांनी आमच्यासारख्यांना विचारलेलंच नाही, म्हणून लिहिते.

अभ्यासात काही अडलं नाही. कॉलेजात पहिले सहा महिने कँटीनमध्ये कुठे बसायचं कळायचं नाही, तेही जमलं. पप्पांबरोबर गावोगाव फिरले, म्हाताऱ्या लोकांशी बोलायला शिकले, सात-आठशे गीतं येतात. हे सगळं मला आवडतं आणि आजही चर्चला जाते.

अवघड होतं ते वेगळंच. मम्मीने माझ्यासाठी नोकरी सोडली होती. तिच्या आयुष्याला माझ्यामुळे अर्थ आला, असं ती साक्ष देताना (श्रद्धेचा अनुभव सांगताना) मंडळीसमोर सांगायची. मी पहिल्या बाकावर. मग गणितात चुकलं की ते माझं गणित चुकायचं नाही, तिचा अर्थ चुकायचा. प्रार्थनेत मन लागत नाही हे शाळेतली मुलगी आईपासून लपवू शकते, आईला बाईंबद्दल आणि बाईंना आईबद्दल सांगू शकते. माझ्याकडे बाई आणि मम्मी एकच. तेराव्या वर्षी मला शंका आल्या तेव्हा त्या विचारायला घरात एकही माणूस असं नव्हतं, ज्याचं त्यामुळे काही मोडणार नाही.

काकू, तुमच्यावर टीका नाही करत. तुमची पोस्ट वाचताना मम्मीचाच आवाज आला, म्हणून हे सगळं लिहून बसले.

बावखल

बाई गं. बायबलच्या नीतिसूत्रांत "मुलाच्या स्थितीस अनुरूप" शिक्षण द्या म्हटलंय. मुलाच्या. हा शब्द मी आजवर घाईत वाचत आलो.

अरसिक_अण्णा

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो.

मोहरीचा_दाणा

घरकोंबडी, बाळा, दोन दिवस उत्तर लिहून खोडतेय. मागच्या नाताळात मीही साक्ष दिली आणि हेच बोलले, जवळजवळ शब्दशः. मुलगी पुढच्याच बाकावर होती.

मुलांना लगेच शाळेत घालेन असं नाही. सकाळचं ते गीत, वडिलांच्या खुणा, हे मी सोडणार नाही. ते माझं आहे, खरं आहे. पण मुलीने दुसऱ्या कुणाकडे तरी जाऊन मला नावं ठेवावीत, एवढी सोय करायला हवी. काल आत्याला फोन केला. मंगळवारी आणि शुक्रवारी व्हिडिओवर गणित घेईन म्हणाली. पहिली अट: तू खोलीत बसायचं नाहीस.

सावेडीकर

आत्याबाईंना माझा सलाम सांगा. अडलंय काय गणितात?

मोहरीचा_दाणा

भागाकार. ६१८ भागिले ६. दर वेळी १३ लिहिते.

सावेडीकर

मधलं शून्य खाते. निम्मा वर्ग खातो. खऱ्या नोटा घ्या: शंभराच्या सहा, दहाची एक, रुपयाची आठ नाणी. सहा मुलांना वाटायला सांगा. शंभराची एकेक गेली. दहाची नोट एकच, सहा जणांत वाटली जात नाही, म्हणजे दहाच्या घरात कोणाला काही मिळालं नाही. "काही नाही" तेही तिथे लिहावं लागतं. मग नोट मोडायची, अठरा नाणी, प्रत्येकी तीन. तोंडी सांगून उपयोग नाही, वाटायला लावा.

मोहरीचा_दाणा

सर, घरात मुलं दोनच. संध्याकाळी खालच्या मजल्यावरून चार आणली, जमिनीवर बसवून वाटप केलं. १०३ आले. नाणी परत गोळा केली तेव्हा तीन कमी भरली, ती कोणाच्या खिशात गेली ते मुलीला माहीत आहे, पण सांगत नाहीये.