तळ्यातला बर्फ उन्हाळ्यापर्यंत टिकवायचा आहे

तळ्याकाठी:
मंडळी, मी मिनेसोटात राहतो. घरामागे आमचं छोटं तळं आहे, जानेवारीत त्यावर फूटभर बर्फ धरतो. गेल्या हिवाळ्यात फूट बाय फूट अशा 120 लाद्या कापल्या. एक लादी साधारण 26 किलोची. जुन्या लाकडी शेडमध्ये जमिनीवरच रचल्या, भोवती भुसा, वरून ताडपत्री घट्ट बांधली. मे संपताना पाहिलं तर घोटाभर पाणी आणि मधोमध टोपलीएवढा गोळा. भुसा पिळला तर पाणी गळत होतं. जुलैत आई येते, तिची खोली आणि परसातली भाजी थंड ठेवायची होती. काय चुकलं?

वखारवाला:
आधी ताडपत्री काढा. मी नाशिकला शीतगृहात 26 वर्षं काढली, ओलं इन्सुलेशन म्हणजे काहीच नाही. भुशात अडकलेली कोरडी हवा उष्णता अडवते, तिथे पाणी शिरलं की खेळ संपला. वरचा दमटपणा जायला छपराखाली दोन्ही बाजूंना झरोके ठेवा. लाद्या जमिनीवर नकोत. खाली लाकडी फळ्या, त्याखाली खडी आणि उताराने बाहेर जाणारा पाईप. पाईपला यू आकाराचं वळण द्या, त्यात पाणी साचून राहतं आणि बाहेरची गरम हवा आत येत नाही. भुसा चारी बाजूंनी हातभर, वरून त्याहून जाड. दार उत्तरेला.

आता खोलीचं. एसीचा ‘टन’ बर्फावरूनच आलाय: एक अमेरिकी टन (907 किलो) बर्फ 24 तासांत वितळताना जितकी उष्णता ओढतो तितकी. म्हणजे 1 टनाचा एसी आठ तास पूर्ण चालला, तर त्या कामाला 300 किलो बर्फ लागतो. तुमच्या सगळ्या लाद्या दहा दिवसांत संपतील. आईसाठी एसी बसवा, बर्फ भाजीला ठेवा.

समिधा:
दादा, ढीगही मोठा करा. लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर बर्फ आठपट होतो, उष्णता शिरायची बाजू मात्र चौपटच. 1833 साली बॉस्टनहून कलकत्त्याला जहाजाने 180 टन बर्फ निघाला, चार महिने विषुववृत्ताजवळून प्रवास करूनही 100 टनांच्या आसपास पोचला. मद्रासचं त्या बर्फाचं गोदाम अजून उभं आहे, आता विवेकानंदांच्या नावाने. आणि तळ्याचा बर्फ सरबतात घालू नका, भांड्याबाहेरूनच थंड करा.

तळ्याकाठी:
वखारवालेकाका, ताई, खूप आभार. माझं दार दक्षिणेला होतं आणि पाईप तर नव्हताच. शेडचा तळ खणून खडी घालायला या शनिवारीच घेतो. फळ्या पाइनच्या चालतील का काका?

वखारवाला:
चालतील. दोन फळ्यांत बोटभर फट ठेवा, पाणी थांबू देऊ नका.