अनुभव धागा : सरपंच मी, शिक्का कुणाच्या खिशात?

मी गुहागर तालुक्यातल्या एका गावाची पाच वर्षं सरपंच होते. परवा शेजारच्या गावात नव्याने निवडून आलेली मुलगी भेटायला आली आणि बसल्या बसल्या तिने विचारलं, "काकू, शिक्का घरी ठेवायचा की कार्यालयात?" रात्री झोप लागली नाही मला. म्हणून हा धागा. पंचायत, बचत गट, संस्था, वाडीची बैठक, जिथे तुम्ही निर्णय घेतलात किंवा तुम्हाला घेऊ दिला नाही, तो प्रसंग लिहा. गावाचं, माणसांचं नाव नको, तालुका लिहिला तरी पुरे.

सुरुवात मी करते. पहिलं दीड वर्ष माझा शिक्का ह्यांच्या शर्टाच्या खिशात होता. ग्रामसेवक कागद घेऊन घरी यायचे, ह्यांच्याशी बोलायचे, मी चहा ठेवायची आणि बोट दाखवतील तिथे सही करायची. 1993 पासून पंचायतीत एकतृतीयांश जागा बायकांच्या, 2011 पासून महाराष्ट्रात निम्म्या. त्यातली एक माझी होती आणि मला इतिवृत्ताची वही कुठल्या कपाटात असते ते माहीत नव्हतं.

मग आली महिला ग्रामसभा. मोठ्या ग्रामसभेआधी ती घ्यावीच लागते. एप्रिलचे दिवस, वरच्या वाडीतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन चढण चढत होत्या. त्यातली एक उठून म्हणाली, "बाई, विहीर आमच्याकडे होणार होती, तुम्ही सही करून खाली नेलीत." मी वही मागवली. ठराव होता, खाली सही माझीच. इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्या रात्री ह्यांच्याकडून शिक्का मागून घेतला. चार दिवस घरात कुणी धड बोललं नाही. ठराव बदलायला आठ महिने गेले, पण विहीर वरच्या वाडीत झाली.

श्रीवर्धन
3 जून 2020, निसर्ग वादळ. आमची वाडी रोठा सुपारीची. नवरा गेल्यापासून सोळा वर्षं शिंपणं, गडी, विक्री सगळं मी बघत होते. संध्याकाळी बाहेर आले तर झाडं एकमेकांवर आडवी. पंचनाम्याला माणसं आली आणि मला म्हणाली, "मालकांना बोलवा." सातबाऱ्यावर सासरे आणि मुंबईचे दीर. भरपाई ज्यांची नावं त्यांच्या खात्यात गेली. दीर वाईट नाहीत, त्यांनी थोडे पैसे पाठवले. पण ते पाठवायचे की नाही, हे त्यांच्या हातात होतं. मुलगी माझ्यामागे लागली. वारस नोंदीसाठी तलाठी कार्यालयात किती खेपा घातल्या ते मोजलं नाही. फेरफार मंजूर झाला, आता माझं आणि तिचं नाव लागलंय. सुपारीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. नवी रोपं आमच्या नावाच्या गुंठ्यांत लावली आहेत.

दापोली
लिलावात बोली लावणाऱ्या बायका, टोपली उचलणाऱ्या बायका, सुकवणाऱ्या बायका. मच्छीमार संस्थेच्या सभेत मात्र होडी ज्याच्या नावावर तो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा घर आमच्या सुकटीवर चालतं, हे एकदा त्या सभेत उभं राहून बोलायचं आहे. अजून जमलेलं नाही.

कुडाळ
माझो घोव गेल्याक सात वर्सां झाली. गटाची अध्यक्ष मी, बँकेत सही माझी, पण हळदीकुंकवाक माका कोण बोलयत नसत. 2022 साली कोल्हापूरकडच्या हेरवाड गावान विधवांची प्रथा बंद करूचो ठराव केल्यान. मी तो गटात वाचून दाखवलंय. पुढच्या संक्रांतीक माका पयला कुकू लावलेल्यान, ती माझी सासू.

लांजा, सध्या डोंबिवली
मी पुरुष आहे, तरी लिहितो. आमच्या वाडीचे निर्णय मुंबई मंडळात, म्हणजे मुंबईला राहणाऱ्या वाडीकरांच्या मंडळात होतात. शिमग्याला गावी गेलो की बैठक बसते आणि ठरलेलं वाचून दाखवतात. वर्षभर देवळाची झाडलोट, पाण्याची लाईन, म्हाताऱ्यांची औषधं सगळं गावातल्या बायका बघतात. एका बैठकीत माझी आई दाराशी उभी राहून म्हणाली, "सभामंडपापेक्षा आधी पाण्याची टाकी बांधा." लोक माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "आई, तू आत जा." ती गेली. मंडप झाला. टाकी झाली नाही. आई आता नाही. गेल्या वर्षी मी मंडळात विषय मांडला, की गावातल्या पाच बायका कार्यकारिणीत घ्या. दोन घेतल्या. पुन्हा मांडणार आहे.

नवी सरपंच
काकू, शिक्का कार्यालयात ठेवला, चावी माझ्याकडे. सासरे नाराज आहेत. उद्या पहिली मासिक सभा. कागद आधी मागवून वाचत बसले आहे. 15व्या वित्त आयोगाच्या (2021-26) निधीत 'बंधित' लिहिलंय, ते काय?

धागाकर्ती
पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा तो बंधित, या आयोगाच्या निधीत 60 टक्के. उरलेला अबंधित, तो गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगाराला वापरता येत नाही. विषयपत्रिका नीट वाच. ऐनवेळचे विषय आले तर कागद बघितल्याशिवाय सही करू नकोस. रात्री कितीही वाजता फोन कर.