३२ जीबी फोनच्या मेमरीत मधला पट्टा खराब, यूजरडेटा पुढे सरकवता येईल का?

म्हापसेकर
फोन ३२ जीबी ईएमएमसीचा (बोर्डावर बसवलेली साठवणीची चिप), अँड्रॉइड ८, बूटलोडर (फोन सुरू करणारा, एरवी कुलूपबंद प्रोग्राम) उघडलेला, टीडब्ल्यूआरपी (वेगळी घातलेली रिकव्हरी) आहे. लोगोवर अडकतो. फॅक्टरी रीसेट केला की दोन-तीन दिवस नीट चालतो, मग पुन्हा तेच. रिकव्हरीतून डीमेसेज (सिस्टिमच्या नोंदी) काढला, तर एमएमसीबीएलके० (म्हणजे हीच चिप) वर आय/ओ (लिहिण्या-वाचण्याच्या) एररच्या ओळी, आणि सेक्टर (५१२ बाइटचे तुकडे) सगळे २,४१,००,००० ते २,४८,००,००० यांच्यामधले. यूजरडेटा (अ‍ॅप, फोटो ठेवणारा भाग) १,१४,६८,८०० व्या सेक्टरपासून सुरू होतो. दुकानात बोर्ड बदला म्हणतात. खराब पट्टा सोडून त्याच्या पुढून यूजरडेटा केला तर चालेल का? फोटो, संपर्क काढून घेतलेत.

फोंडेकर
चालू शकेल, पण आधी चिप लिहिलेलं धरून ठेवते का ते बघा. आयुष्य संपलेली ईएमएमसी बरेचदा फक्त वाचू देते. फॉरमॅट झाला असं स्क्रीन सांगते आणि फोन परत सुरू केला की पुसलेले फोटो जसेच्या तसे हजर. अशा चिपवर पार्टिशन टेबलसुद्धा (कुठला भाग कुठून कुठवर ते सांगणारी यादी) लिहिलं जात नाही. तुमचा रीसेट टिकतो, म्हणजे तिथवर गोष्ट गेलेली नाही.

डीबगएफएसमध्ये (तपासणीसाठी सिस्टिम दाखवते त्या फाइली) एमएमसी० खाली एक्स्ट सीएसडी नावाची, चिपची स्वतःची माहिती देणारी फाइल असते. उघडलीत की १०२४ अक्षरांची एकच लांब ओळ दिसेल. त्यातली ५३५ ते ५४० ही सहा अक्षरं इथे टाका. पहिली दोन राखीव ब्लॉकची (खराब जागांच्या बदली ठेवलेल्या) स्थिती सांगतात: ०१ ठीक, ०२ म्हणजे ८० टक्के राखीव ब्लॉक वापरून झाले, ०३ म्हणजे शेवट आला. पुढच्या दोन जोड्या झीज सांगतात. ०१ म्हणजे १० टक्क्यांपर्यंत, तिथून प्रत्येक आकड्याला १० टक्के, आणि ०बी आला तर ठरलेलं आयुष्य उलटून गेलं.

म्हापसेकर
०१०३०५.

फोंडेकर
मग चिप म्हातारी नाही, झीज जास्तीत जास्त ५० टक्के. लगेच पार्टिशनला हात लावू नका. न वाचता येणाऱ्या सेक्टरवर नवं काही लिहिलं की चिपमधला कंट्रोलर बहुतेक वेळा त्याला दुसरं पान (चिपवरची साठवणीची जागा) देतो आणि तक्रार मिटते.

डेटा अनमाउंट करा आणि डीडीने (डेटा जसाच्या तसा उतरवणारी कमांड) शून्यं लिहा: इनपुट डेव्ह-झीरो, आउटपुट एमएमसीबीएलके०, बीएस ४ एम (तुकडा ४ एमबीचा), सीक २९४१ (लिहिताना सुरुवातीचे इतके तुकडे सोडा), काउंट ८७. म्हणजे ३४८ एमबी, सगळं यूजरडेटाच्या आतलं. इथे 'सीक'च हवं. चुकून 'स्किप' (वाचताना सोडायचे तुकडे) लिहिलंत तर ती ३४८ एमबी शून्यं चिपच्या अगदी सुरुवातीला जाऊन बसतात, पार्टिशन टेबल आणि त्यामागचे भाग पुसले जातात. एंटर दाबण्याआधी ओळ मोठ्याने वाचा. मग फोन परत सुरू करून तेवढाच तुकडा वाचून बघा. वाचताना मात्र 'स्किप'.

म्हापसेकर
लिहिताना एरर नाही. वाचताना २९८७ व्या तुकड्यावर परत अडकला. दोनदा केलं, तेच.

फोंडेकर
मग सरकवा. आधी ईएफएस, मोडेमएसटी१, मोडेमएसटी२, एफएसजी, पर्सिस्ट यांच्या प्रती डीडीने काढा. फोन मीडियाटेकचा असेल तर एनव्हीरॅम, एनव्हीडेटा, प्रोटेक्ट१ आणि प्रोटेक्ट२ यांच्या. हे भाग गेले की आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि नेटवर्क गेलं. एसजीडिस्कने (पार्टिशन टेबल हाताळणारी कमांड) टेबलची प्रतही घ्या आणि सगळं कॉम्प्युटरवर ठेवा, फोनमध्ये नाही.

तुमच्या चिपचे सेक्टर ६,१०,७१,३६० असतील, तर शेवटचे ३३ राखीव टेबलचे असल्यामुळे वापरता येणारा शेवटचा सेक्टर ६,१०,७१,३२६. नवी सुरुवात २,५३,९५,२०० ठेवा. या आकड्याला ८१९२ ने (४ एमबीचे सेक्टर) पूर्ण भाग जातो आणि खराब पट्ट्यापासून २९० एमबी अंतर राहतं. जुना भाग काढून त्याच क्रमांकाचा, त्याच टाइप कोडचा भाग करा आणि नाव 'यूजरडेटा' हेच द्या. अँड्रॉइड नावाने शोधतो, नाव चुकलं की फोन वर येत नाही. रिकव्हरी पुन्हा सुरू करून मगच 'फॉरमॅट डेटा'. नुसतं वाइप पुरणार नाही. २३.६ जीबीचे १७ जीबी उरतील.

मांडवीतीर
फोंडेकरबाब बरोबर सांगतायत, दोन गोष्टी जोडतो. कंपनीचा पूर्ण फर्मवेअर टाकलात तर त्यातली जीपीटी (पार्टिशन टेबलची) फाइल जुनंच टेबल परत लिहिते आणि यूजरडेटा पुन्हा खराब पट्ट्यावर येतो. फ्लॅश करताना तेवढी फाइल वगळा.

दुसरं, डेटा एफ२एफएसमध्ये न करता एक्स्ट४ मध्ये करा (दोन्ही फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धती). एक्स्ट४ ला खराब ब्लॉकची यादी देता येते, म्हणून पुढे एखादा सुटा ब्लॉक गेला तर ई२एफएसकेने (एक्स्ट४ तपासणारी कमांड) तो बाजूला टाकता येतो. बॅडब्लॉक्सची (खराब ब्लॉक शोधणारी कमांड) लिहिण्याची चाचणी मात्र रात्रभर चालवू नका. कमजोर चिपवर ती उगाच झीज वाढवते.

आणि पावसात वीज कधीही जाते. हे काम बॅटरीवाल्या लॅपटॉपवरच करा.

काणकोणकर
पुढे कधी चिप बदलायची वेळ आली तर बदलणाऱ्याला आरपीएमबीचं (चिपमधला किल्लीने जपलेला भाग) विचारा. त्यात २५६ बिटची किल्ली आयुष्यात एकदाच लिहिता येते. दुसऱ्या फोनमधून काढलेल्या चिपवर ती आधीच बसलेली असते आणि तुमच्या प्रोसेसरशी जुळत नाही. कोरी चिपच हवी. जुन्या चिपमधलं बूट१ आणि बूट२ (फोन सुरू करणारे भाग) काढून नवीवर घालावं लागतं, एक्स्ट सीएसडीतला १७९ वा बाइटही (कुठल्या बूट भागातून सुरू व्हायचं ते ठरवणारा) सारखा करावा लागतो, नाहीतर सगळं भरूनही फोन मेलेलाच दिसतो.

आपल्याकडे आणखी एक. उघड्या पाकिटातल्या चिप दमट हवेत ओल धरतात. ठरलेली मुदत ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला १६८ तास असते, आणि जुलैत आपल्याकडे हवा त्याहून कितीतरी दमट. ओली चिप थेट गरम हवेखाली धरली की आतली वाफ तिला फोडते. १२५ अंशांवर साधारण ९ तास भाजून मगच बसवायची, तीही प्लास्टिकच्या पट्टीतून काढून.

म्हापसेकर
टेबल लिहिलं, एक्स्ट४ केला, डेटा १७ जीबी दिसतो. डीमेसेजमध्ये एकही एरर नाही.

फोंडेकर
आता १७ पैकी ३-४ जीबी मोकळेच ठेवा. चिप काठोकाठ भरली की कंट्रोलरला पानं फिरवायला जागा उरत नाही. ती सहा अक्षरं महिन्यातून एकदा बघा. पहिली जोडी ०२ झाली की त्याच दिवशी डेटा काढून घ्या.